वेणूआईची धडधड

माझी सासू वेणू ही चिखल्यातली सगळ्यात भित्री बाई, आणि गावाला तिच्या भित्रेपणाचा केवढा अभिमान! बोटी सुटायच्या आदल्या संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका आमच्या ओट्यावर यायच्या आणि विचारायच्या, "काकी, छाती काय बोलते?" वेणूआई पदराखालून छातीवर हात ठेवायची, डोळे मिटायची. "गप हाय," असं ती म्हणाली की बायका सुटकेचा श्वास टाकून घरी जायच्या. "वाजते," म्हणाली, की कोणाचा तरी नवरा त्या खेपेला पोट दुखतंय म्हणून घरी बसायचा. हल्ली मोबाईलवर वाऱ्याचा इशारा येतो, बंदरावर बावटा लागतो, बोटीत जीपीएस असतं. ते सगळं बघून झालं तरी वेणूकाकीची छाती विचारायचीच.

मी रुपल, तिची सून. माझ्या आजोबांनीच दर्या सोडला होता, त्यामुळे माझं माहेर घोलवडला, चिकूच्या वाडीत. आमच्याकडे भीती म्हणजे फार तर फळाला कीड लागायची. झाड रात्री जिथे असतं तिथेच सकाळी सापडतं, त्यामुळे धडधड वगैरे मला नवीन. लग्नानंतर माझ्या नवऱ्याची, नयनची, बोट पहिल्यांदा डहाणूच्या खाडीतून बाहेर पडली, तेव्हा वेणूआईने माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला होता. आतून कोणी दार ठोठावत असल्यासारखं वाजत होतं. "आपण घाबरतो ना पोरी, म्हणून ते परत येतात," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं, कुठे येऊन पडले मी!

तिचा हिशोब सोपा होता. बाईची छाती वाजते ती दर्यावरच्या माणसासाठी. ते वाजणं पाण्यावरून त्याच्यापर्यंत जातं, तो सावध होतो आणि बोट वळवतो. माझे सासरे मात्र घरातच, खाटेवर, काविळीने गेले. तेव्हा हिची छाती काहीच बोलली नव्हती. हे मी एकदा धीर करून विचारलं. "ते जमिनीवर होते ना," वेणूआई म्हणाली, जणू मी काहीतरी वेडगळ विचारलं होतं.

तिला साखरेचा आजार निघाला, गोळ्यांनी भागेना, आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन मागे लागलं. त्यानंतर तिची कीर्ती आणखी वाढली, ती कशी ते सांगते. तलासरीच्या आठवडी बाजारात ती सुकी मासळी घेऊन जायची. बोंबील, जवळा, मांदेली. शेजारी भाजीला लाडकी नावाची वारली बाई बसायची. दोघींची इतक्या वर्षांची सोबत, की एकीच्या गिऱ्हाइकाला दुसरी माल देऊन टाकायची. एका बाजारच्या दिवशी टेम्पोत जागा मिळावी म्हणून वेणूआई सकाळी इंजेक्शन टोचून उपाशीच निघाली. बाजारात बसली, तराजू हातात घेतला आणि तिचे हात कापायला लागले. छाती धाडधाड वाजायला लागली. "माझी बोट गेली! माझा नयन गेला!" करत ती उठून पळायलाच लागली. लाडकीने तिला पदराला धरून खाली बसवलं. "बाय, बस. आधी चा पी, मग पळ," म्हणाली आणि तिला कोरा गोडमिट्ट चहा पाजला. थोड्या वेळाने छाती शांत झाली. आणि त्याच संध्याकाळी नयनची बोट मोडक्या सुकाणूने रखडत रखडत खाडीत आली.

मग काय! आख्ख्या किनाऱ्याला बातमी. सुकाणू मोडलं चिखल्याच्या समोर दर्यात, आणि वेणूकाकीला कळलं तलासरीच्या बाजारात.

तलासरीला डॉक्टर सुषमाबाईंचा छोटा दवाखाना आहे. त्या तिथल्याच एका पाड्यावरच्या, बोलायला सरळ. लाडकीनेच आम्हाला त्यांच्याकडे लावून दिलं होतं. ही हकिगत ऐकून त्या हसल्या नाहीत, उलट त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वेणूताई, ती तुमच्या मुलाची धडधड नव्हती. तुमचीच होती. इन्सुलिन घेतलं आणि जेवलात नाही, की रक्तातली साखर उतरते. साखर फार उतरली की शरीर घाबरतं. मग अंगात ॲड्रिनलिन सुटतं. भीती वाटली की जे सुटतं, तेच. ते हृदयाला सांगतं, जोरात चाल. हात कापतात, छाती वाजते. म्हणजे काय, शरीर ओरडतंय की मला खायला द्या."

"आणि सुकाणू?" वेणूआईने विचारलं. "ते पण साखरेनीच मोडलं?"

डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी येताना टेम्पोत वेणूआई सगळ्या वाटभर विजयी चेहऱ्याने बसून होती.

पुढे तिला दम लागायला लागला. पाण्याची कळशी ओट्यापर्यंत आणताना दोनदा टेकावं लागे, संध्याकाळी पावलं सुजून पैंजण रुतायचे. वापीला नेऊन हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय थकलंय, रक्त ढकलण्याची ताकद पार उतरलीय, असं निघालं. रिपोर्ट घेऊन आम्ही परत सुषमाबाईंकडे गेलो. मोठी माणसं सगळं ऐकून घेतात आणि घरी जाऊन विसरतात, म्हणून सगळं माझ्याच डोक्यात ठेवायचं होतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. हृदयाच्या एकेका पेशीवर निरोप घ्यायच्या जागा असतात. एका जागेवर ॲड्रिनलिन येऊन चिकटतं आणि म्हणतं, जोर लाव. दुसऱ्या जागेवर इन्सुलिन येतं आणि म्हणतं, साखर आत घे. आपल्याला वाटतं दोघांचा एकमेकांशी काय संबंध? पण पेशीच्या आत हे दोघे शेजारी आहेत, आणि शेजाऱ्यांसारखेच एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. वर्षानुवर्षं इन्सुलिनचा मारा जास्त राहिला, की ॲड्रिनलिनचा निरोप हृदयाला पूर्वीसारखा पोचत नाही, असं संशोधनात दिसतंय. जोर लाव म्हटलं तरी हृदयाला जोर लावता येत नाही. उलटं पण होतं. ॲड्रिनलिनचा मारा सारखा चालू राहिला, की हृदय इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. दोन्हीकडून ओढाताण, आणि मधे ते थकत जातं.

"म्हणून ही गोळी," त्या म्हणाल्या. "ही ॲड्रिनलिनची जागा अडवून बसते. हृदयाला जरा विसावा मिळतो. पण एक लक्षात ठेव रुपल. साखर उतरली तरी आता यांची छाती पूर्वीसारखी वाजणार नाही. इशाराच बंद होईल म्हण. घाम मात्र ही गोळी थांबवत नाही. थंड घाम आला, बोलणं अडखळायला लागलं, की आधी साखर द्यायची, मग बाकीचं. आणि ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. थकलेल्या हृदयावर सगळं ॲड्रिनलिन एकदम येऊन आदळेल."

वेणूआईने त्यातलं एकच ऐकलं. "छाती वाजणार नाय?" तिने विचारलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गोळी सुरू झाली आणि खरंच छाती गप्प झाली. दम कमी झाला, सूज उतरली, बाई पुन्हा वाळवणाला उभी राहायला लागली. मला हायसं वाटलं. पण तिची झोप उडाली. बोटी सुटायच्या आदल्या संध्याकाळी बायका आल्या, तिने छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाली, "मना कळत नाय गो." बायका एकमेकींकडे बघत उठल्या. पुढच्या खेपेला त्या आल्याच नाहीत. ती ओट्यावर वाट बघत बसली होती. एरवी मला तिचा राग यायचा, तो त्या दिवशी आला नाही, वाईटच वाटलं.

"आता तरी निवांत झोपा ना," मी म्हटलं.

"भीती हाय तशीच हाय," ती म्हणाली. "नुसती आत बसलीय. वाजत नाय. मग ती नयनला कशी ऐकू जाणार?"

थोड्या दिवसांनी डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. आम्ही किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील टांगत होतो. वलांडी म्हणजे बांबू उभे-आडवे बांधून केलेला सांगाडा. बोंबील टांगायची आमची पद्धत अशी, की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी आडव्या बांबूवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. वेणूआईचा हात या कामात असा चालतो की ती बघतसुद्धा नाही. त्या दिवशी ऊन चांगलंच होतं, सगळ्याच बायका घामाने निथळत होत्या. त्यामुळे तिच्या घामाकडे कोण बघणार? मला दिसलं ते वेगळंच. ती एकेकटा बोंबील बांबूवर ठेवत होती. तो घसरून वाळूत पडायचा. ती दुसरा घ्यायची, तसाच ठेवायची, तोही पडायचा. तिच्या पायाशी बोंबलांचा ढीग झाला होता आणि ती शांतपणे पुढचा उचलत होती.

"आई, जोडी लावा ना," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे तिला कळत नव्हतं. मग ती हळूच वाळूवर बसली आणि आडवी झाली. छातीला हात लावला तर छाती अगदी शहाण्यासारखी चालत होती. एक शेजारीण घरातून साखर घेऊन धावत आली. गालाच्या आत साखर चोळली, जरा गिळायला लागल्यावर साखरपाणी पाजलं, तेव्हा ती शुद्धीवर आली. गजर नसलेलं संकट किती शांत असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून मी साखरेची पुडी कनवटीला बांधूनच फिरायला लागले, आणि तिच्या हातातल्या बोंबलांकडे सारखं बघत राहायची मला सवयच लागली.

त्यानंतर दिवाळी झाली आणि वादळाची बातमी आली.

वादळ आमच्याकडे येणार नव्हतं, दूर समुद्रातून जाणार होतं, पण वारा सुटणार होता. बोटींना परत फिरायचा निरोप गेला. एकेक करून बोटी खाडीत येत होत्या. नयनची आली नव्हती. फोन लावला की तीच बाई तेच बोलायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आमच्या गल्लीत रीत अशी, की बोट बाहेर असताना दर्या खवळला तर त्या घरातली बाई चूल पेटवत नाही. वेणूआईने त्याच्या वर महालक्ष्मीला बोलून ठेवलं होतं, बोटीने नांगर टाकल्याशिवाय अन्नाचा, गोडाचा कण तोंडात घालणार नाही. हे ती मला बोलली नाही. सकाळी मी तिला रात्रीची शिळी भाकरी वाढून दिली आणि वाळत घातलेला माल आत घ्यायला धावले. परत आले तर ताट रिकामं होतं. कावळ्यांनी आमच्या मागच्या दारी मेजवानी केली होती, हे मला मागाहून कळलं. इंजेक्शन मात्र तिने न चुकता टोचून घेतलं होतं. इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं ना! अर्धी आज्ञा पाळण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही.

दुपार उलटली. आभाळ खाली आलं होतं, वारा कौलांखालून शिरत होता, समुद्राचा आवाज घरात उभं राहून बोलल्यासारखा येत होता. मी दारात उभी होते. घरात एक घाबरणारी असताना दुसरीला घाबरायची सोय नसते. तेवढ्यात वेणूआईने मला हाक मारली. तिच्या आवाजात कसला तरी आनंद होता, आणि तो ऐकून मला जास्तच भीती वाटली.

"रुपल! ये, बघ. वाजते!"

ती भिंतीला टेकून बसली होती. तिने माझा हात ओढून छातीवर ठेवला. आतलं ठोकणं इतकं जोरात होतं की चोळी हलत होती. गळ्याची शीर उडत होती. "नयन बुडतोय," ती म्हणाली. "पण मना कळलं. आता त्याला ऐकू जाईल. आता तो वळेल."

माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. गोळी चालू असती तर ही छाती अशी वाजलीच नसती. म्हणजे गोळी बंद आहे.

"आई, गोळी?"

"नाय घेतली. बोट गेल्यापासून नाय घेतली. पोरगा बाहेर असताना छाती मुकी कशी ठेवू?"

दुसरी गोष्ट मी बघत होते. दारातून गार वारा येत होता. मला शाल घ्यावीशी वाटत होती. आणि हिच्या वरच्या ओठावर, कपाळावर, मानेवर घाम डवरला होता. हात लावला तर कातडी थंड. "ताट..." मी म्हटलं, आणि मला कळलं. ती सकाळपासून जेवलीच नव्हती. नयन कुठे होता देव जाणे, पण बुडत होती ती ही, माझ्यासमोर, कोरड्या जमिनीवर. तिचं शरीर तिच्यासाठी ओरडत होतं, आणि ती बाई ते ऐकून मुलासाठी आनंदाने घाबरत होती.

साखर बघायचं मशीन काढलं, बोट टोचलं. साखर बेचाळीस, सत्तरच्या वर हवी ती. तिला दम लागायला सुरुवात झाली होती. ज्या हृदयाला विसावा हवा होता ते आता चौखूर उधळलं होतं. मी ग्लासात साखर विरघळवून तिच्या ओठाला लावली.

तिने तोंड घट्ट मिटलं.

"आई, साखर उतरलीय. ही साखरेची धडधड. प्या."

तिने मान फिरवली. "बोललेय मी देवीला. गोड नाय. बोट लागल्याबिगर नाय. मी गिळलं तर तो..." पुढचं तिच्या तोंडातून नीट निघेना. शब्द एकमेकांवर सांडत होते. तिने दात आवळले. मी ग्लास पुढे केला, तिने हाताने उडवला. अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं. मी ओरडले, हात जोडले, शिव्या दिल्या, तिच्या नातवंडांची शपथ घातली, जी अजून जन्मालाही आलेली नाहीत. शेजारी कोणाला हाक मारावी तर सगळ्या बायका खाडीवर बोटी बघायला गेलेल्या. दवाखान्याला फोन लावला, लागेना. फोनची रेंज वाऱ्याने केव्हाच गेली होती. तिचे डोळे कुठेतरी लांब बघायला लागले. वाळूवर पडलेला तो बोंबलांचा ढीग मला आठवला. आता ही आडवी होईल, आणि या वेळी शुद्धीवर आणायला उशीर झालेला असेल. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

आणि माझ्या हातात तो मेलेला फोन होता. मी तो कानाला लावला.

"हॅलो? नयन? नयन!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच माझ्यावर विश्वास बसला. "कुठे? खाडीत? नांगर टाकला? अरे मोठ्याने बोल! हो, आई इथेच आहे, सांगते, सांगते!"

मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "आई, बोट लागली. नांगर टाकला. देवी पावली. आता तोंड उघडा."

तिचे डोळे कुठून तरी परत आले. "लागली?"

"लागली."

तिने तोंड उघडलं. मी घोट घोट पाजलं. ती गिळत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसरा ग्लास केला, तोही पाजला. कपाटावर माहेरहून आलेले चिकू पिकत ठेवले होते. त्यातला एक सोलून हाताने भरवला, मागाहून भाकरीचा तुकडा दिला. हळूहळू तिचा घाम सुकला, शीर उडायची थांबली, श्वास खाली बसला. पुन्हा बोट टोचलं, साखर वर येत होती. तिने छातीवर हात ठेवला आणि समाधानाने डोळे मिटले.

"बघ, थांबली," ती म्हणाली. "आला ना माझा पोरगा, म्हणून थांबली."

मी उठून दारात गेले. मागे ती भिंतीला टेकून निवांत बसली होती, आणि समोर समुद्र पांढरा होऊन उसळत होता. मी खोटं बोलले होते. देवीच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने, त्याची बोट दर्यात असताना. मी या असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दारात उभं राहून मी देवीला सांगत होते, माझ्या खोट्याची शिक्षा त्याला करू नकोस. आणि तेव्हा मला ती धडधड ऐकू आली. माझ्या स्वतःच्या छातीत. साखर उतरलेली नव्हती, आजार नव्हता, नुसती भीती, आणि ती अशी ठोकत होती की मला चौकटीला धरून उभं राहावं लागलं.

दिवेलागणीला रिक्षा येऊन थांबली आणि नयन उतरला. चिखलाने माखलेला, पण सगळाच्या सगळा. मला रडायचं होतं, पण मी त्याच्यावर ओरडले.

"अगं, वारा वाढायच्या आधीच आम्ही झाईच्या बंदरात आत घेतली बोट," तो म्हणाला. "दुपारपासून तिथेच चहा पीत बसलोय. फोन लागतच नव्हता कोणाचा. शेवटी रिक्षा करून आलो."

"दुपारपासून?" आतून आवाज आला.

वेणूआई खांबाला धरून उभी होती. तिने आधी नयनकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग माझ्याकडे. तिची छाती फुटायची वेळ आली होती तेव्हा तिचा मुलगा झाईला बशीत चहा ओतून पीत होता. आणि मी ज्या खाडीत त्याचा नांगर टाकला होता तिकडे तो फिरकलाच नव्हता. हे दोन्ही तिला एकदमच समजलं असावं. मी खाली बघत उभी राहिले. आत जाऊन तिने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला तलासरीला नेलं. डॉक्टर सुषमाबाई आधी माझ्यावर आणि मग तिच्यावर चिडल्या. तपासलं, इन्सुलिन थोडं कमी केलं, गोळी अर्ध्यापासून पुन्हा सुरू करायला सांगितली. "नशीब समजा," म्हणाल्या. बाहेर भाजीपाशी लाडकी बसली होती, तिने वेणूआईला एक काकडी दिली. वेणूआईने गोळीची पट्टी पिशवीत टाकली, पण घरी आल्यावर ती पट्टी देवाच्या फळीवर पडून राहिली. मी रोज समोर धरायची, तेव्हा कशीबशी घ्यायची. नयन घरी होता तोवर मला गोळीची काळजी नव्हती. बोट सुटेल तेव्हा काय, ही धास्ती मात्र माझ्या मनात बसली होती.

वारा पडला. बोट सुटायची पहाट आली. नयन डबा घेऊन निघाला, मी ओट्यापर्यंत आले. तो वळणावरून दिसेनासा झाला तशी मी आत गेले आणि अर्धी गोळी वेणूआईच्या तळहातावर ठेवली. ती गोळीकडे बघत राहिली.

"ही घेतली तर माझी गप बसणार," ती म्हणाली.

"हो."

"मग पोरासाठी घाबरायचं कोणी?"

मला पुष्कळ काही सांगता आलं असतं. पेशी, निरोप, शेजारी, सगळं मला पाठ होतं. पण मी तिचा दुसरा हात धरला आणि माझ्या छातीवर ठेवला. नयनच्या चपलांचा आवाज अजून रस्त्यावरून येत होता. तिने डोळे मिटले. शेजारणींसाठी ठेवायची तसा तिने हात ठेवला होता, पण स्वतःच्या नव्हे, माझ्या छातीवर. बराच वेळ ती ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"चांगली वाजते," ती म्हणाली.

मग तिने गोळी तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.